तुरटीचा अंगठा

आमच्याकडे आलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, "रंग कशाचा?" मंजिष्ठेची मुळं, हिरडा, डाळिंबाची साल, पळसाची फुलं अशी नावं घेतली की ते मान डोलावतं आणि लगेच दुसरा प्रश्न विचारतं, "नक्की ना?" या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं देण्यात माझी निम्मी हयात गेली. एका गृहस्थांनी तर शेल्याचा कोपरा सरळ तोंडात घालून चोखला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "हां, औषधासारखं लागतंय, म्हणजे खरं असणार." एका वकीलसाहेबांच्या हातून मुलाच्या लग्नाच्या पंगतीत शेल्यावर लिंबू उडालं. दुसऱ्या दिवशी ते तो शेला घेऊन हजर. काळ्या वेलीवर चार पांढरे ठिपके. "पक्का रंग म्हणता, मग हे काय?" आमचा काळा रंग लोखंडाचा, त्याचं आणि लिंबाचं हाडवैर, हे मी त्यांना समजावून सांगितलं. हे आधी सांगायला हवं होतं, असं ते म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून मी शेला देताना सांगतो, पंगतीला बसण्याआधी काढून ठेवा.

पण ज्या वस्तूला रंगच नाही तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. ती म्हणजे तुरटी. आमच्या धंद्याची सगळी गंमत आणि सगळी भीती तिच्यात आहे. म्हणून आज तिच्याबद्दल लिहितो, आणि तिच्यापायी माझ्या हातून जे झालं तेही लिहितो. ते लिहिल्यावाचून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

मी मूळचा कन्नड तालुक्यातला. घरात मेंढरं. पोलीस ॲक्शन होऊन नवाबी राज्य गेलं तेव्हा मी पाळण्यात होतो. बाविसाव्या वर्षी शहरात आलो तो लोकर विकायला, आणि औरंगपुऱ्याच्या मागच्या बोळात रहमत उस्तादांच्या कारखान्याच्या दारात उभा राहिलो. आत तांब्याच्या मोठ्या पातेल्यात एक माणूस काठीनं कापड हलवत होता. कापड आत गेलं तेव्हा पिवळट, कोरं होतं. बघता बघता त्यावर लाल फुलं उमलायला लागली. कुणी काढत नव्हतं, कुणी छापत नव्हतं, पातेल्यातल्या पाण्यात फुलं आपली आपण येत होती. मी लोकरीचं गाठोडं खाली ठेवलं ते संध्याकाळपर्यंत उचललंच नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन काम मागितलं.

उस्तादांनी आधी माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. उजव्या अंगठ्यावर तिरकी चीर आहे. मेंढी कातरताना कातर लागली होती, तिचा वण. "ये क्या है?" मी सांगितलं. ते हसले. "भेड ने काटा नहीं, भेड को काटते काटते खुद को काट लिया. चल, ऐसा आदमी संभाल के काम करता." एवढ्यावर मला ठेवून घेतलं.

उस्तादांचं गिऱ्हाईक एकेकाळी हवेल्यांमधलं होतं. पोलीस ॲक्शननंतर त्यातली बरीच घरं उठली, कुणी हैदराबादेला गेलं, कुणी आणखी लांब. त्या बेगमांच्या दुपट्ट्यांचे ठसे फळीवर तसेच पडून होते. उस्ताद त्यांना दर शुक्रवारी तेल लावत, पण छापायला कुणाचंच कापड नव्हतं. मग हळूहळू खेड्यापाड्यांतली पाटील-देशमुखांची घरं लग्नासाठी शेले आणि अंतरपाट करून घ्यायला लागली. ज्या ठशांनी बेगमांचे दुपट्टे नटवले, त्यांनीच आता तालुक्यातल्या लग्नाचा कलश छापायचा. उस्तादांना त्यात कमीपणा वाटत नव्हता. "कपडा पूछता नहीं किसका है," असं ते म्हणायचे.

आता थोडं काम समजून घ्या. रेशीम रिठ्याच्या पाण्यात धुवायचं आणि हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवायचं. ते फिकं पिवळं होतं. त्याला आम्ही जमीन म्हणतो. मग नक्षीच्या रेघा छापायच्या. त्यांचा रंग म्हणजे माठात गूळ आणि गंजकं लोखंड कुजवून केलेलं पाणी. ते हिरड्याला लागलं की तिथल्या तिथे काळं होतं. रेघा झाल्या की त्यांच्या पोटात लाल भरायचा, पण छापताना तो लाल नसतो. डिंकात कालवलेली तुरटी असते, पाण्यासारखी. कापड दोन-तीन दिवस तसंच ठेवायचं, वाहत्या पाण्यात धुवायचं आणि मंजिष्ठेच्या पातेल्यात सोडायचं. जिथे तुरटी असेल तिथे लाल चढतो, नसेल तिथे नुसती गुलाबट झाक येते. पातेलं उकळू द्यायचं नाही, रेशमाची चमक जाते. पाणी नहरीचं, म्हणजे जुन्या भुयारी कालव्याचं लागतं. ते जड असतं, मंजिष्ठेला तेच मानवतं. नळाच्या पाण्यात रंग मलूल होतो. हे सगळं मी दोन ओळींत लिहिलं, शिकायला मला चार वर्षं लागली.

तर छापणारा तुरटीच्या बाबतीत आंधळा असतो. बाकीच्या कारखान्यांत तुरटीत चिमूटभर गेरू टाकत, म्हणजे ठसा कुठे पडला ते दिसतं. उस्ताद रेशमावर गेरू टाकू देत नसत. ओल्या तुरटीची जी क्षणभर लकाकी दिसते, तिच्या भरवशावर छापायचं. आणि तुरटी लागलेलं बोट चुकून जमिनीवर टेकलं, तर त्या वेळी कुणालाही कळत नाही. पातेल्यातून निघाल्यावर कळतं. तोवर काही इलाज उरलेला नसतो.

म्हणून कारखान्यात एक शिस्त होती. तुरटीवरच्या माणसानं कापडाला हात लावायचा नाही. लावायची वेळ आलीच तर कमरेच्या ओल्या फडक्यानं अंगठा पुसायचा आणि जिभेला लावून बघायचा. तुरट लागला की पुन्हा पुसायचा, पुन्हा चाखायचा. नवा माणूस ओळखायची खूणच ही, त्याचं तोंड दिवसभर तुरटीनं वाकडं असायचं.

तुरटीवर काशीनाथ असायचा. भावसारांच्या घरातला, आजा-पणज्यापासून रंगाचं काम. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा. ठसा ठेवायचा, मनगटाजवळच्या तळहातानं एकदा ठोकायचा आणि उचलायचा. त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो, कारण तो कधी मागेपुढे व्हायचा नाही. मला चिडवायचा. "धोंडू, मेंढरं मोजल्यासारखे ठसे नको मोजू. बघ आन् ठेव." मला त्याचा हेवा वाटायचा आणि तो आवडायचाही. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं.

कन्नडजवळच्या एका गावातल्या गयाबाई पाटलीणबाईंनी लेकीच्या लग्नासाठी रेशमी अंतरपाट सांगितला होता. मधे कलश, चार कोपऱ्यांत कोयऱ्या, कडेनं वेल. रेघा मी छापल्या. एवढ्या दिवसांनी उस्तादांनी मला रेशमावर पहिल्यांदा हात ठेवू दिला होता, त्यामुळे मी हवेत होतो. तुरटी काशीनाथनं भरली. काम उरकत आलं असताना तो पाणी प्यायला बाहेर गेला. ठसा टेकवायचं तुरटीचं तबक कोरडं पडत आलेलं मला दिसलं. मी माठातून वाटीभर तुरटी घेऊन ते भरून ठेवलं. वाऱ्यानं कापडाचा काठ उलटत होता. पुढचं मला त्या वेळी आठवत नव्हतं, आणि का आठवत नव्हतं हे मला आजही सांगता येत नाही.

चौथ्या दिवशी कापड पातेल्यातून निघालं तेव्हा गयाबाई आणि त्यांचे मालक दारातच बसलेले होते. लग्न दोन दिवसांवर आलं होतं. कलश झकास उतरला होता. आणि त्याच्या डाव्या हाताला, कोऱ्या जमिनीवर, एक लाल डाग. अंगठ्याएवढा. सगळी जमीनच गुलाबट असल्यानं तो नुसता फासल्यासारखा दिसत होता, पण अंगठा होता हे आंधळ्यालाही कळलं असतं.

उस्तादांनी गिऱ्हाइकासमोर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही. माझ्याकडे वळून विचारलं, "तुरटी पे हाथ किसका था?"

मी म्हणालो, "काशीनाथचा."

ते खरं होतं. तबक मी भरलं होतं हे मला आठवत होतं, ते मी बोललो नाही. एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं, असं मनाला समजावलं. खरं सांगायचं तर रेशमावरचा हात जाईल, ही भीती होती.

उस्ताद काशीनाथला म्हणाले, "क्या रे काशी, अंगूठा पोंछना बी मैंइच सिखाऊं क्या तेरेकू? तेरे दादा के हाथ का काम देखा मैंने." एवढंच. काशीनाथ आपला अंगठा डोळ्यांसमोर धरून बघत राहिला. मग आपले ठसे धुतले, तोंडं वर करून फळीवर मांडले आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी उस्तादांनी निरोप धाडला, तरी आला नाही. गुलमंडीत त्याच्या मामाचं साड्यांचं दुकान होतं, तिथे तो गादीवर बसायला लागला असं कळलं. तुरटीच्या जागेवर मला बसवलं. गयाबाई अंतरपाट नाराजीनंच घेऊन गेल्या. "जाऊ द्या, अंतरपाटाकडं कोण बघतंय. धरला आन् सोडला," असं त्यांचे मालक म्हणाले.

त्यानंतर तीसेक वर्षं गेली. उस्ताद वारले. कारखाना माझ्या हाती आला. मधल्या काळात मी कांद्याच्या सालींपासून बाभळीच्या शेंगांपर्यंत जे हाताला लागेल ते उकळून पाहिलं, बायकोची तीन पातेली त्यात खर्ची पडली, आणि एकाच कृतीनं दोनदा तोच लाल का येत नाही, हे कोडं मला सुटलं नाही. गुलमंडीतून जाताना काशीनाथचं दुकान असलेली बाजू मी टाळायचो. भांडण नव्हतं. भांडण असतं तर जाता आलं असतं.

एक दिवस सकाळी दारात रिक्षा थांबली. एक म्हातारी उतरली, काखेत बोचकं. मी ओळखलं नाही. तिनं ओळखलं. "तुम्ही ते मेंढरावाले ना?" म्हणाली. त्या गयाबाई होत्या. बोचकं सोडलं तर आत तोच अंतरपाट.

आता त्याची दशा बघण्यासारखी होती. आमचा काळा रंग रेशीम खातो. लोखंडच ते, गंजतं आणि सोबत धागाही घेऊन जातं. सगळ्या रेघा झडून गेल्या होत्या, तिथे नुसत्या चिरा होत्या. लाल मात्र जागच्या जागी होता. माझ्या हातचं सगळं गेलं होतं आणि काशीनाथच्या हातचं उरलं होतं.

"नातीचं लगीन हाय," त्या म्हणाल्या. "अस्साच करून द्या. ह्यो आता धरवत नाय, फाटतो."

"देतो की, मावशी."

"आन् अंगठा बी पायजे. तिथंच."

मला वाटलं थट्टा करताहेत. म्हणालो, "मावशी, ती आमची चूक होती. तुम्हीच नाराज झाला होता."

"व्हते ना. लई राग आला व्हता." त्या पायरीवर टेकल्या. "माझी लेक भित्री. लग्नात पडदा धरला, पल्याड कोण मानूस उभा हाय तिला ठावं नाय. मी मागं उभी. मंगलाष्टकं सरूस्तोवर ती त्या अंगठ्याकडंच बघत व्हती. मागून म्हणली, आई, कुणीतरी पलीकडून हात टेकवून धीर द्यायलंय असं वाटलं. मग दोन सुना आल्या, पुतणी गेली, सगळ्यांना त्योच धरला. आता नात म्हणती, अंगठा नसंल तर मला नको. आता सांगा, चूक कशी म्हणावं?"

मी अंतरपाट उन्हात नेला. इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मंजिष्ठेचं कापड नवं असताना त्याची जमीन गुलाबट असते. धुण्यानं आणि उन्हानं ती झाक निघून जाते आणि नक्षी दरसाल जास्त स्वच्छ दिसते. पक्का रंग धुऊन जात नाही, उलट उघडा पडतो. तीस वर्षांपूर्वी जो नुसता फराटा होता, तो आता अंगठा झाला होता. वर्तुळं, रेघा, सगळं. मला कुतूहल वाटलं. काशीनाथच्या हाताची एवढी एकच सही उरली होती, ती नीट बघावी म्हणून भिंग घेतलं.

अंगठ्यावर एक तिरकी पांढरी रेघ होती. वरून डावीकडून खाली उजवीकडे. तिथे तुरटी लागलीच नव्हती.

मी माझा अंगठा शेजारी धरला. कापडावर छाप उलटी पडते हे छापणाऱ्याला सांगावं लागत नाही. वण तोच होता. आणि मग मला तो वाऱ्यानं उलटणारा काठ आठवला, आणि तो सरळ करायला मी टेकवलेला हात. अंगठा चाखला नव्हता.

गयाबाई विचारत होत्या, "काय झालं हो? जमत नाय का?" मी म्हणालो, "जमतंय. पंधरा दिवस द्या." त्या गेल्यावर मी अंगठा पुन्हा एकदा डागाशेजारी धरून पाहिला. तो काशीनाथचाच अंगठा समजून उस्ताद वारले, हे मला सर्वांत जास्त लागलं. त्यांना आता कुणी सांगायचं?

दुसऱ्या दिवशी अंतरपाट घेऊन गुलमंडीत गेलो. काशीनाथ गादीवर होता, केस पांढरे, चष्मा. समोर मिलच्या छापाच्या साड्या, ठशासारख्या दिसाव्यात म्हणून मुद्दाम थोड्या चुकवून छापलेल्या. मी कापड उलगडून ठेवलं. त्यानं बघितलं आणि मान फिरवली.

"कशाला आणलास? ठाऊक हाय मला. माझाच अंगठा हाय."

"नीट बघ," मी म्हणालो आणि भिंग पुढे केलं, शेजारी माझा अंगठा ठेवला.

त्यानं पाहिलं. पुन्हा पाहिलं. तेवढ्यात एका बाईनं दुसऱ्या रंगाची साडी मागितली. त्यानं ती काढून दाखवली, घडी करून ठेवली. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागला.

"त्या दिवसापासून रोज अंगठा जिभेला लावून बघायचो. घरी. तुरटीचा खडा आणून. म्हटलं, मी तर चाखला व्हता. तुरट लागला नव्हता. मग उमटला कसा? म्हणजे आपली जीभच गेली, नायतर हात गेला. कंचं गेलं तेच कळंना. म्हणून परत आलो नाय. उस्तादाच्या रागापायी नाय."

"तबक मी भरलं होतं," मी म्हणालो. "ते मी बोललो नाही."

"तेवढं एक बोलायचं व्हतं, धोंडू."

मी माफी मागितली. तो म्हणाला, "गिऱ्हाईक हाय. जा आता." मी ऑर्डरचं सांगितलं, ठसे फळीवर आहेत हेही सांगितलं. त्यानं ऐकलं की नाही ते कळलं नाही.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी काशीनाथ कारखान्यात आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. फळीवरचे ठसे उतरवले, तोंडावरून बोट फिरवलं, कमरेला ओलं फडकं खोचलं. रेघा मी आदल्या दिवशी छापून ठेवल्या होत्या. या वेळी लोखंड पातळ घेतलं होतं. त्यानं पहिला ठसा ठेवला, ठोकला, उचलला. तोच आवाज. तीस वर्षं साड्या उलगडलेल्या माणसाचा हात तसूभर हलला नाही. मी पलीकडे तोंड करून उभा राहिलो, कारण मला रडू येत होतं.

शेवटी अंगठ्याची पाळी आली. मी अंगठा तुरटीत बुडवला. आयुष्यभर जे टाळायचं शिकलो ते आता मुद्दाम करायचं होतं, हात धजेना. काशीनाथ म्हणाला, "लाजू नको. चुकून लागतो तसा लाव. तुला जमतंय ते." मी टेकवला. काहीच दिसलं नाही, नेहमीसारखं. मी रेघांचे ठसे धुवायला नहरीच्या हौदाकडे गेलो. परत आलो तेव्हा तो फडक्याला हात पुसत होता. अंगठा जिभेला लावला, मान हलवली, पुन्हा पुसला, पुन्हा चाखला. चहा घे म्हटलं तर नको म्हणाला आणि गेला.

तीन दिवसांनी कापड धुतलं आणि पातेल्यात सोडलं. गयाबाई बरोबर त्याच पायरीवर येऊन बसल्या होत्या, या वेळी नातीला घेऊन. पाणी कोमट झालं तशा कोयऱ्या लाल होऊ लागल्या. मग वेल, मग कलश. मी काठीनं कापड वर घेतलं.

कलशाच्या डाव्या हाताला माझा चिरलेला अंगठा होता. आणि त्याला लागून, बोटभर अंतरावर, दुसरा. सरळ, भरीव, पूर्ण. दिवसभर दर ठशानंतर अंगठा चाखणाऱ्या माणसाच्या हातून तो चुकून लागला असणं शक्य नव्हतं.

नात वाकून बघत होती. गयाबाईंनी चष्मा वर केला. "म्यां एकच सांगितला व्हता. ह्यो दुसरा कुणाचा?"

मी म्हणालो, "काशीनाथचा."

हेच उत्तर मी तीस वर्षांपूर्वी याच पातेल्यापाशी दिलं होतं. या वेळी ते पूर्ण खरं होतं.